जुन्या नंबरवर

जळगाव एमआयडीसी. आमची चटईची फॅक्टरी:
सहा लूम, अकरा माणसं
आणि एक कॉम्प्युटर.
दसऱ्याला लूमच्या बरोबरीनं त्याला हळदकुंकू लागतं,
झेंडूची माळ पडते,
मग वर्षभर कोणी विचारत नाही, बाबा, जेवलास का.

पासवर्ड सगळ्यांना ठाऊक.
खतवाल्याच्या कॅलेंडरमागं, पेन्सिलीनं:
माझ्या आईचं नाव, पुढं एक दोन तीन.
मी म्हणायचो, आपल्या चटईत कोण घुसणार रे?

घुसला.
पाव्हण्यानं चपला दाराबाहेर काढून यावं, तसा.
वापीच्या दाणेवाल्याचं नाव लावून,
'आदरणीय फिरकेशेठ' असं लिहून.
खातं बदललंय, एवढंच.
लोगो तोच. मागची बाकीसुद्धा पैशापर्यंत बरोबर.

कुमुदिनी झोपे हिशोब बघते.
आडनावावरून सगळे चिडवतात,
पण नऊ वर्षांत तिची बेरीज एकदाही डुलकली नाही.
त्या दिवशी दुपारी चारला,
बाहेर पंचेचाळीस डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं,
ती दारात आली आणि बसली नाही.
"भाऊ, मी पैसे पाठवले.
आन् आता मले वाटू राह्यलं, ते आपले मानसं नव्हते."

खरं सांगतो, शिवी दातांपर्यंत आली होती.
पण तिच्या पाठीमागं लूम खडखडत होते
आणि मला समाधान आठवला.

चार नंबरच्या लूमवरचा पोरगा.
दोन वर्षांपूर्वी त्याच्या हातून एक तार वाकली
आणि तो बोललाच नाही,
कारण आदल्याच आठवड्यात मी एकाला
सगळ्यांसमोर सोलून काढलं होतं.
तीन दिवस लूम चालला,
तीन दिवस प्रत्येक चटईत एकच रेघ,
मोराच्या मानेवरून आडवी.
अख्खा माल इंदूरहून परत.
तार दोन रुपयांची होती.
बाकीचं सगळं माझ्या आवाजाचं बिल.

म्हणून मी फक्त विचारलं, किती वेळ झाला?
"दहा मिन्टं."

बँक. एकोणीसशे तीस. वापी.
एक फोन तिच्या कानाला, एक माझ्या.
गेटवरचा रमजान तडवी
न सांगता पाण्याचा जग ठेवून गेला.
रात्री कळलं, पाच लाखांतले तीन अडले.
दोन गेले.
ते मी या कवितेतही परत आणणार नाही.

सोमवारी लूम बंद ठेवले.
सगळ्यांना बसवलं त्याच परत आलेल्या चटयांवर,
मान कापलेल्या मोरांवर.
शेवभाजी मागवली. भाषण मला येत नाही,
मी कॅलेंडर उलटं करून दाखवलं.
आधी कोणी हसेना. मग समाधान हसला.
मग रमजान म्हणाला,
"भाऊ, वीज कापतो म्हनून मले तीनदा फोन आला.
बाराशे गेले. लाजेनं घरीबी सांगलं नाही."
आणि त्यानंतर जो तो बोलायला लागला,
भाजी गार झाली.

भिंतीवर आता एकच ओळ आहे, कुमुदिनीच्या अक्षरात:
खातं बदललं म्हणणाऱ्याला जुन्या नंबरवर फोन.
आवाज ओळखल्याशिवाय रुपया नाही, मालक म्हणाला तरी.
खाली कोणीतरी खडूनं जोडलंय:
मालक म्हनला तं जास्तच.

परवा भुसावळ स्टेशनवर होतो.
माझा फोन टपरीत चार्जिंगला, गाडी सुटायची घाई,
शेजारच्याच्या फोनवरून म्हणालो,
कुमुदिनी, चाळीस हजार बयाणा पाठव, आत्ताच्या आत्ता.
तिनं फोन कट केला.

माझाच पगार खाऊन, माझाच फोन!
राग कानशिलापर्यंत चढला,
तोवर टपरीत, चहाच्या पातेल्याशेजारी,
माझा फोन थरथरू लागला.
दोन टक्के बॅटरीवर मी तो उचलला,
कामावरच्या पहिल्या दिवशी पोरगं उचलेल तसा.

"हां भाऊ," ती म्हणाली, "आता बोला."